आई घरी नाही

दार माझ्या मुलीनं उघडलं आणि म्हणाली, "या मावशी, बसा."

माझ्यामागून कोणी पाहुणी आलीय की काय म्हणून मी वळून बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं. कामावरून परस्पर भाजी घेऊन आलेले, हातात पिशवी, केसांत पुठ्ठ्याचा भुसा, आणि समोर माझी सातवीतली मुलगी माझ्याकडे असं बघत होती की जणू मी मीटर बघायला आलेय. रोज ती आधी पिशवी घेते आणि मग आत काय आणलंय म्हणून नाक मुरडते. आज पिशवीला हात लावला नाही. नुसती बाजूला झाली. तिच्यामागे, आमच्या घरात हात असलेली एकच खुर्ची आहे तिच्यात, परवा ज्यांच्या घरचं सामान मी बांधलं त्या मास्तरीणबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर माझा जेवणाचा डबा होता. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसलं काही झालं नाही. जमीन होती तिथेच होती. कान मात्र तापले, आतून, आणि ते तापलेले कान घेऊन मी माझ्याच घरात चपला कुठे काढाव्यात याचा विचार करत उभी राहिले.

"आलात? मी या मुलीला म्हटलं, थांबते थोडी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमचा डबा माझ्या खोक्यात आला बघा. पातेल्यांच्या मधोमध, कागदात छान गुंडाळून."

हे पाप माझ्या हातांचं. या हातांना समोर दिसेल ते गुंडाळायची सवय आहे. घर बदलणाऱ्यांचं सामान आमची कंपनी हलवते; कपाटं, पलंग गडी उचलतात, स्वयंपाकघर आणि काचसामान माझ्याकडे. कामावर मला काचबाई म्हणतात. आमच्यात एक नियम आहे, आपली वस्तू गिऱ्हाइकाच्या ओट्यावर ठेवायची नाही, दाराबाहेर ठेवायची. कारण एकदा हात चालू झाले की ते बघत नाहीत. एका गड्यानं गिऱ्हाइकाच्या कवळीचा पेला पाण्यासकट बांधला होता. कचऱ्याची बादली कचऱ्यासकट जाते आणि नव्या घरात पोचल्यावर लोक कंपनीला आठवण काढून काढून शिव्या देतात. मी इतक्या वर्षांत असलं काही केलं नव्हतं, मला त्याचा ताठाही होता. पण परवा मास्तरीणबाईंच्या ओट्यावर मी डबा ठेवला आणि स्वतःच्या हातानं बांधून टाकला, कारण मी बोलत होते. बोलण्याच्या नादात होते.

तर ते बोलणं. स्वयंपाकघर बांधताना गिऱ्हाईक रडतं, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. पलंग गेला तर कुणी रडत नाही. चहाची गाळणी कागदात गेली की रडतात. आणि रडायला लागले की बांधलेल्या खोक्यातून वस्तू परत काढतात, हे राहू दे, हे मी हातात नेते, हे माझ्या आईनं दिलेलं, आणि सगळा दिवस बोंबलतो. म्हणून मुकादमानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, हात चालतात तसं तोंड चाललं पाहिजे, काहीही बोल पण त्यांना त्यांच्या भांड्यांकडे बघू देऊ नकोस. पहिली काही वर्षं मी खरंच बोलले. नवऱ्याचं घोरणं, सासऱ्यांचा हट्ट, मुलीचं गणित. लोक हं हं करत आणि नजर भांड्यांवरच. घरगुती गोष्टी काय, त्यांच्याकडेही होत्या. मग एका घरी एका बाईनं डोळे पुसत विचारलं, तुम्ही कुठे राहता, आणि मी म्हटलं, कुठेच नाही. गाडीत राहते. ती बाई जी रडायची थांबली ती ट्रक भरेपर्यंत माझ्याकडेच बघत राहिली.

ते मी काही ठरवून बोलले नव्हते. पण अगदी हवेतूनही आलं नव्हतं. ती गाडी माझ्याकडे आधीपासून होती. सकाळी सासऱ्यांचं गरम पाणी, नवऱ्याचा डबा, मुलीची वेणी, बादल्या भरणं, आणि संध्याकाळी परत येऊन भांडी. भांडी घासायला लागले की ती गाडी निघायची. जुनी, पत्र्याची, मागे ताडपत्री, आत एक अंथरूण, एक स्टोव्ह, एक ताट. मला साधी सायकल येत नाही, पण ती गाडी मीच चालवायचे. संध्याकाळी एखाद्या गावाबाहेर लावायची, दिव्यांचा उजेड लांबून बघायचा, सकाळी कुणाच्या तरी नळावर तोंड धुवायचं आणि तिथल्या माणसांना माझा चेहरा लक्षात राहण्याआधी निघायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं. पत्रा तापला की त्याचा एक वास येतो, तो वास मला साबणाच्या फेसात यायचा. हात घासत असायचे पातेल्याची करपलेली कड आणि नाकात तो वास. कधी कधी नवरा आत येऊन काही विचारायचा आणि मला त्याचा राग यायचा, म्हणजे चाललेल्या गाडीपुढे कुणी आडवं यावं तसा. बिचारा फक्त रुमाल कुठे आहे विचारत असायचा. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना 'आता दिसतंय का, आता?' विचारून आलेला माणूस, त्याला रुमाल दिसत नाही म्हणून मी फणकारायचे.

हे खूळ लहानपणीचं असावं. आमच्या गल्लीत धार लावणारी एक बाई यायची, सायकलला दगडाचं चाक बसवलेली. सुऱ्या, कात्र्या, विळ्या. ठिणग्या उडायच्या आणि ती ठिणग्यांकडे न बघता लोकांशी बोलायची. एकदा मी तिच्यामागे गेले, गल्ली संपेपर्यंत, मग पुढची गल्ली, मग जिथे मला कुणी ओळखत नव्हतं तिथपर्यंत. तिनं मागे बघितलं आणि सांगितलं, घरी जा, माझ्यामागे येऊ नकोस, मला सवय नाही. मला ते फार आवडलं, 'मला सवय नाही.' घरी आले तर आईला कुणीतरी आधीच सांगितलेलं. मला वाटलं मार बसणार. आई म्हणाली, जा की, खुशाल जा, भांडी तेवढी घासून जा. सगळे हसले. मी पण हसले आणि भांडी घासली. त्यानंतर आजवर मी कुठे गेलेय? या घरातून कामावर, कामावरून या घरात, आणि मध्ये दुसऱ्यांच्या घरांत, तीही त्यांची घरं मोडत असताना.

तर गिऱ्हाइकांना गाडी आवडली. मग मी ती वाढवली. प्रत्येक घरी थोडी थोडी. कुणाला सांगितलं आज इथं काम संपलं की पुढच्या गावी. कंपनीच्या गाड्या जिथे जातात तिथे मी. कुणाला सांगितलं पावसात ताडपत्री वाजते, झोप छान लागते. लोक आधी कीव करायचे, आणि मग हळूच डोळ्यांत काहीतरी वेगळं यायचं. एक बँकेतले साहेब म्हणाले, नशीबवान आहात हो, आणि लगेच बायकोकडे बघून गप्प झाले. आणि मग कधीतरी तो प्रश्न यायचाच, घरचं कोण कोण? पहिल्यांदा मी अडखळले असेन. आता आठवत नाही. मी म्हणायचे, कोणी नाही. कागद टरकावा तितक्या सहज म्हणायचे आणि पुढचा पेला उचलायचे. त्यात मी सासरे मारले, नवरा मारला, आणि ही मुलगी तर जन्मालाच घातली नाही. खोटं आहे, कुणाचं काय बिघडतंय, अशी माझी मीच समजूत काढत होते. खरी गोष्ट अशी की ते म्हणताना छातीत जे हलकं वाटायचं ते खोटं नव्हतं.

मास्तरीणबाई तर फारच रडत होत्या. एकट्या. नवरा गेलेला, मोठं घर सोडून मुलाच्या जवळ एका खोलीत चाललेल्या. त्या रडेनाशा व्हाव्यात म्हणून मी परवा गाडी अगदी सजवून सांगितली. पुन्हा तो प्रश्न आला, पुन्हा मी कोणी नाही म्हटलं, आणि त्यांनी माझा पुठ्ठ्यानं खरचटलेला हात हातात घेतला. आणि आता त्या माझ्या खुर्चीत बसून सांगत होत्या, "डबा उघडला तर काय, इतकं नीट भरलेलं जेवण. तिखट-मीठ वेगळं पुडीत. म्हटलं गाडीत राहणाऱ्या बाईला इतका नीट डबा कोण भरून देतं? तुमच्या ऑफिसात विचारलं, त्यांनी इथला पत्ता दिला. मग या मुलीनं सांगितलं, की आम्हीच देतो भरून."

"हो," मुलगी म्हणाली. "मावशींना डबा आमच्याकडूनच जातो."

डबा तीच भरते. तिची शाळा दुपारची. मी आंघोळ करून येईपर्यंत तिनं भरून, पुसून, झाकण दाबून ठेवलेला असतो, आणि तिखट-मिठाची पुडी ती वर्तमानपत्राच्या कोड्याच्या पानाची करते, म्हणजे जेवताना मला कोडं सोडवायला मिळावं. मी एकदाही सोडवलेलं नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. चेहरा इतका शांत की मला भीती वाटली. परीक्षेत पाठ असलेला प्रश्न आल्यावर होतो तसा तिचा चेहरा होता. "चहा घेणार ना मावशी?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. मी खुर्चीसमोरच्या पलंगाच्या कडेला टेकले. अगदी कडेला, पाहुणे टेकतात तशी. समोर दोरीवर माझा गाऊन वाळत होता. खिडकीच्या काचेला गेल्या वर्षीची चिकटपट्टी तशीच होती. परक्या माणसाच्या नजरेनं बघितलं तर खोली बरी होती. कुणीतरी ती रोज झाडत असणार, कुणाला तरी ती आवडत असणार.

चहा आला तो बशीसकट आला. त्या कपबशा मी लोकांसाठी ठेवलेल्या, घरातल्यांना हात लावू देत नाही. मुलीनं आधी मास्तरीणबाईंना दिला, मग मला, दोन्ही हातांनी. आणि एक सांगायलाच हवं. पहिला घोट घेतला तेव्हा मला बरं वाटलं. त्या एका घोटापुरती मी खरोखरच कुठून तरी आलेली, थोड्या वेळानं जाणारी बाई होते आणि हे घर दुसऱ्या कुणाचं तरी होतं, आणि मला सुख वाटलं. मग समोर बशी धरून उभी असलेली ती दिसली, बोटांना शाळेतली शाई लागलेली, आणि माझी मला इतकी किळस आली की मी कप घाईनं बशीत ठेवला. मास्तरीणबाईंना वाटलं चटका बसला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासऱ्यांनी हाक मारली. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांना वाटतं जगालाही येत नाही, ते ओरडूनच बोलतात. "सूनबाई आली का गं? तिला म्हणावं माझा पाय चोळायचाय." मी उठायला लागले. गुडघ्यांना सवय आहे. मुलगी मध्ये आली. "आजोबा आईला हाक मारतायत," ती मास्तरीणबाईंना म्हणाली, आणि मग दाराकडे तोंड करून मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "आई घरी नाही."

"कुठे उलथली?" आतून आवाज आला. मास्तरीणबाई हसल्या. म्हातारी माणसं सगळीकडे सारखीच, असं काहीतरी म्हणाल्या. मी हसले नाही.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. ही माझी मुलगी, ते माझे सासरे, मी खोटं बोलले, मला माफ करा. पण मी म्हटलं, आता मी बोलले तर मुलगी खोटी ठरेल, परक्या बाईंपुढे तिची मान खाली जाईल. कारण चांगलं होतं. चांगली कारणं मला नेहमी वेळेवर सुचतात. मास्तरीणबाईंनी पिशवीतून एक पुरुषी स्वेटर काढला, जाड, कोपरावर रफू केलेला. "ह्यांचा आहे. गाडीत गारठा लागत असेल. आणि माझ्या नव्या खोलीत एक पलंग जास्तीचा मावतोय. कधी या बाजूला मुक्काम पडला तर पत्रा कशाला, सरळ माझ्याकडे या. माझंही कोण आहे तसं?" मी स्वेटर घेतला. नको म्हणायला तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटलं, म्हणून घेतला. त्या उठल्या. "चला, मीही निघते. तुम्ही कुठल्या बाजूला?"

मी मुलीकडे बघितलं. खरं तर हात जोडावेत तसं बघितलं. तिनं दार उघडून धरलं. "मावशी पण निघतच असतील," ती म्हणाली. "त्या आमच्याकडे जास्त थांबत नाहीत."

मी चपला घातल्या आणि माझ्या घरातून निघाले. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, आत्ताच वर गेलात ना, लगेच कुठे? मी मान हलवली, म्हणजे काय ते मलाही माहीत नाही. रस्त्यावर मास्तरीणबाई हळू चालत होत्या, मी त्यांच्या चालीनं. दुकानं उघडी होती, इस्त्रीवाला कपड्यांवर पाणी मारत होता, एक माणूस मोटारीखाली झोपून फक्त पाय बाहेर काढून काम करत होता. इतकी वर्षं ज्या निघण्याचा ध्यास घेतला होता ते निघणं हे असं होतं. हातात दुसऱ्याच्या नवऱ्याचा स्वेटर.

बसस्टॉपवर त्या म्हणाल्या, "गोड मुलगी आहे हो. तुमच्यावर फार जीव आहे तिचा. तुम्ही यायच्या आधी खूप बोलली. म्हणाली, मावशींना आम्ही सारखं सांगतो, इथेच राहा. पण त्या राहत नाहीत." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "मी म्हटलं, का गं? तर म्हणते, त्या असतात तेव्हाही नसतात. आम्ही त्यांना आवडत नाही असं नाही, पण."

"पण काय?" मी विचारलं.

"तेवढंच म्हणाली. मग बेल वाजली, तुम्ही आलात."

बस आली, त्या चढल्या, खिडकीतून हात हलवला. मी हलवला. माझं तोंड खरं बोलण्यासाठी उघडलं तेव्हा बस पुढच्या वळणावर होती, आणि माझ्याजवळ उभा असलेला माणूस जरा लांब सरकला. मी परत फिरले. तो रस्ता कसा चालले ते मला सांगता येणार नाही. मान वर करून चालता येत नव्हतं एवढं खरं. शरमेनं मेल्यासारखं झालं म्हणतात. मेल्यासारखं होतं तर बरं होतं, मेलेल्याला जिना चढावा लागत नाही. किल्ली पर्समध्ये होती. तरी मी बेल वाजवली.

तिनं दार उघडलं आणि आत गेली. मी मागोमाग गेले. ओट्यावर तिनं भाजी काढून ठेवली होती आणि घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. सासऱ्यांच्या पायाच्या तेलाचा वास येत होता, म्हणजे पाय चोळून झाला होता. मी तिच्यासमोर बसले आणि एक शेंग उचलली.

"तुला कसं कळलं?" मी शेवटी विचारलं. "आज त्या बाई आल्या म्हणून?"

"नाही गं. तू भांडी घासताना बोलतेस."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं म्हणजे, ऐकू येईल एवढ्यानं. आजोबांना ऐकू येत नाही आणि बाबा बातम्या लावतात. मला येतं. मी इथेच अभ्यास करते ना." तिनं शेंगेची शीर ओढली. "तू आधी इथे म्हणून बघतेस आणि मग बाहेर लोकांना सांगतेस, असं मला वाटायचं. आज त्या बाईंनी दारात विचारलं, त्या गाडीत राहणाऱ्या बाई इथे मिळतील का, तर मला आश्चर्यच वाटलं नाही. म्हटलं, चला, तुझी फजिती नको."

माझी फजिती टळावी म्हणून तिनं स्वतःला पुसून टाकलं होतं. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. आपल्या मुलीच्या पायावर डोकं कसं ठेवतात? मी शेंगा मोडत राहिले.

"मी नसतेच ना त्यात?" तिनं विचारलं.

हजार उत्तरं तयार होती. अगं वेडे, तसं नसतं, तो नुसता खेळ. इतक्या घरांत इतकं खोटं बोललेलं तोंड, ते एवढंसं खोटं बोलू शकलं असतं. पण ती इतकी सरळ बघत होती. "नसतेस," मी म्हटलं.

"बाबा?"

"नाहीत."

"आजोबा तर नसतीलच," ती म्हणाली आणि फिसकन हसली. "आधी मला खूप रडू यायचं. मी उशीत तोंड घालायचे. मग तुझं ऐकून ऐकून मला पण लागलं ते. माझी पण आहे आता एक. गाडी नाही, होडी आहे. छप्पर आहे तिला. नदीनं नदीनं जायचं, जिथे नदी संपते तिथे दुसरी लागते."

"बरंय की," मी म्हटलं. माझा आवाज मला नीट ऐकू आला नाही. "कोण कोण असतं होडीत?"

"मी. आणि एक कुत्रा."

तिनं हे मला दुखवायला सांगितलं नव्हतं, एवढं मला कळतं. मी विचारलं म्हणून सांगितलं. पण ते ऐकलं आणि मी हातातली शेंग न मोडताच ताटात टाकली. ज्या बाईनं घरोघर जाऊन या मुलीला नाही म्हटलं होतं, तीच मी, निर्लज्जासारखी, तिला विचारत होते, "मी का नाही?"

तिनं विचार केला. माझा प्रश्न तिला विचार करण्यासारखा वाटला होता.

"तू सारखं जेवलीस का, जेवलीस का विचारशील," ती म्हणाली. मोडलेल्या शेंगांचं ताट तिनं माझ्याकडे सरकवलं आणि आजोबांना गोळी द्यायला आत गेली. दिवे लागायची वेळ झाली होती. ती शाळेतून आल्यापासून पाहुणीशी बोलत बसली होती, ओट्यावर तिचं ताट तसंच पालथं होतं, म्हणजे तिनं काही खाल्लं नव्हतं. मी त्या ताटाकडे बघत बसले. आत ती आजोबांना गोळी तोंडात धरा, गिळा, म्हणत होती. मला तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती आता मला विचारता येत नव्हती.